पोस्टाने आलेला 'पहिला तलाक': पुढे काय?

समुद्रकाठ (धागाकर्ती)

माझ्या खालाच्या (मावशीच्या) मुलीला गेल्या आठवड्यात सासरहून रजिस्टर पोस्टाने पत्र आलं. टाइप केलेलं, खाली नवऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. मजकूर थोडक्यात असा: आपलं पटत नाही, म्हणून मी तुला पहिला तलाक देत आहे, दुसरा एक महिन्याने देईन. ती सध्या माहेरी खेडला आहे, दोन्ही मुलं तिच्याजवळ. सासर मुंब्र्याला.

घरात जो तो वेगळं सांगतोय. मामू म्हणतात तलाक झाला, आता मुलीने गुपचूप इद्दतीला (तलाकनंतर थांबायच्या काळाला) बसावं, जमातीत बोभाटा नको. माझा भाऊ म्हणतो २०१९ पासून तलाकच बंद आहे, पोलिसांत जा, तीन वर्षं आत जाईल. खाला नुसती रडते. मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ५१ हजार ठरला होता, त्यातला एक पैसा दिलेला नाही. लग्नातलं सोनं सासूच्या कपाटात.

खरं सांगायचं तर बहिणीलाही आता परत जायचं नाहीये. पण रिकाम्या हाताने बाहेर पडायचं नाही, इतकंच तिचं म्हणणं. या पत्राने नेमकं काय झालं आणि काय झालं नाही, कुणी नीट सांगेल का? आम्ही शाफई (सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एक) आहोत, हेही लिहून ठेवते, त्याने फरक पडतो असं ऐकलं.

स्पष्टवक्ता

भाऊ बरोबर आहे. मोदींनी बंद केलाय हा प्रकार. कागद फाडा, चौकीत जा, विषय संपला.

काळाकोट

कागद अजिबात फाडू नका. पाकीटसुद्धा जपून ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे तारखेचा पुरावा आहे.

आता भावाच्या म्हणण्याबद्दल. २२ ऑगस्ट २०१७ला सायराबानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने रद्द केला तो तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एका दमात तीनदा म्हणून कायमचा तोडलेला संबंध. २०१९च्या कायद्याने तोच गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्यातली व्याख्या वाचा: तत्काळ आणि मागे न घेता येणारा तलाक, मग तो तोंडी असो, लेखी असो की मोबाइलवर. तुमच्या बहिणीच्या पत्रात 'पहिला' असं लिहिलंय आणि दुसरा महिन्याने म्हटलंय. हा तलाक-ए-हसनचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने तलाक देण्याचा मार्ग झाला, आणि तो या कायद्याच्या कचाट्यात येत नाही. आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये तलाक-ए-अहसन (एकदाच म्हणून इद्दत सरेपर्यंत थांबायचा तलाक) दिलेल्या नवऱ्यावरचा गुन्हा याच कारणाने रद्द केला. चौकीत गेलात तर गुन्हा नोंदवून घेतील न घेतील, पण टिकणार नाही, आणि त्या धावपळीत खरी कामं राहून जातील.

मामूंचं म्हणणंही अर्धंच आहे. 'तलाक झाला' असं नवऱ्याने लिहून पाठवलं म्हणून न्यायालय ते मान्य करत नाही. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात हे ठासून सांगितलं: तलाक दिला एवढं म्हणणं पुरे नाही, कारण काय होतं, दोन्हीकडचे मध्यस्थ नेमले का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सगळं नवऱ्याने पुराव्याने सिद्ध करायचं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालय तेच म्हणालं. तिथल्या नवऱ्याने तर पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना सांगितलं की मी हिला तीन वर्षांपूर्वीच तलाक देऊन टाकलाय. न्यायालयाने विचारलं, कुणासमोर? कशासाठी? त्याच्याकडे काही नव्हतं.

तेव्हा पहिलं काम: वकिलामार्फत लेखी उत्तर. समेटाचा कसलाही प्रयत्न न करता हे पत्र पाठवलंय, कारण मोघम आहे, आम्हाला ते मान्य नाही. उत्तर न देता बसलात तर उद्या तो म्हणेल, तिने तर स्वीकारलं होतं.

निवृत्त_मास्तर

मी सातारा जिल्ह्यात उर्दू शाळेवर होतो. वकील नाही, पण घरात फिकहची (इस्लामी कायद्याची) पुस्तकं होती आणि वडिलांकडे लोक मसले घेऊन येत, म्हणून थोडं लिहितो.

मुली, पद्धत अशी आहे. सगळ्यांत चांगला मानलेला तलाक म्हणजे अहसन. बायको पाळीतून मोकळी झाल्यावर, त्या काळात तिच्याजवळ न जाता, एकदाच तलाक म्हणायचं आणि गप्प राहायचं. मग इद्दत, म्हणजे तीन मासिक चक्रं. पोटुशी असेल तर बाळंतपण होईपर्यंत, पाळी येत नसेल तर तीन महिने. एवढ्या काळात नवऱ्याला कधीही रुजू करता येतं, परत घेता येतं. नाही घेतलं आणि इद्दत सरली, की निकाह तुटला. पण तुटला तरी दार बंद नाही: दोघांची इच्छा असेल तर नवा मेहेर, नवा निकाह, बस. हलाला (आधी दुसऱ्याशी निकाह लावणं) वगैरे जे टीव्हीवर चालतं त्याचा इथे काही संबंध नाही. तो प्रश्न तिसऱ्या तलाकनंतरचा.

हसन म्हणजे हेच तीन टप्प्यांत, तीन वेगवेगळ्या शुद्धकाळांत एकेक तलाक. पहिल्या दोनांनंतर परत घेता येतं, तिसऱ्यानंतर नाही. इद्दत पहिल्यापासूनच मोजायची. तुमचे जावईबापू 'महिन्याने' म्हणतात, पण हिशोब कॅलेंडरचा नाही, तिच्या पाळीचा आहे. हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

शाफई असण्याने फरक पडतो तो असा. हनफी (दुसरा कायदेपंथ) लोक तीन पाळ्या मोजतात, शाफई तीन शुद्धकाळ, म्हणून शाफई हिशोबात इद्दत जरा लवकर संपते. दुसरं, हनफींमध्ये नवरा बायको नुसते पुन्हा जवळ आले तरी रुजू झालं मानतात, शाफईंमध्ये तोंडाने म्हणावं लागतं. तिसरं इथे लागू नाही पण सांगतो: जबरदस्तीने वदवून घेतलेला तलाक हनफी धरतात, शाफई धरत नाहीत.

आणि मामूंना माझा सलाम सांगून एक विचारा. सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत नवऱ्याला सांगितलंय की इद्दतीत बायकांना घराबाहेर काढू नका. इद्दत नवऱ्याच्या घरी, नवऱ्याच्या खर्चाने. माहेरच्या माजघरात तोंड लपवून बसायची ती गोष्ट नाही. चौथ्या सूरहच्या ३५व्या आयतीत दोन पंच नेमायला सांगितलेत, एक त्याच्या घरचा, एक तिच्या. ते कुठे आहेत?

समुद्रकाठ

चाचा, काळाकोट, दोघांचे आभार. वाचून दाखवलं, खाला जरा शांत झाली.

एक विचारायला संकोच वाटतो, पण बहिणीनेच विचारायला सांगितलंय. पत्रावर तारीख आहे त्या दिवशी ती पाळीत होती. त्याने काही होतं का?

निवृत्त_मास्तर

संकोच कशाला, ही चर्चा हदीसमध्येच आहे. हजरत उमर यांच्या मुलाने, अब्दुल्लाह यांनी, बायकोला पाळीत असताना तलाक दिला. पैगंबरांनी सांगितलं, परत घे, ती शुद्ध होऊ दे, पुन्हा पाळी येऊन शुद्ध होऊ दे, मग ठरव. चारही सुन्नी मजहब (कायदेपंथ) पाळीतला तलाक पाप मानतात, पण बहुतेक फकीह (कायद्याचे जाणकार) तो पडला असंच धरतात. शिया धरत नाहीत. त्यांच्याकडे दोन न्यायी साक्षीदारही तलाक देतानाच हजर लागतात, नाहीतर शब्द वाया.

काळाकोट

न्यायालयात हा मुद्दा पद्धत पाळली नाही याचा आणखी एक दाखला म्हणून मांडता येईल. त्यावरच सगळी केस उभी करू नका.

चाळीतली

मी मुंबईत बायकांच्या एका मदतकेंद्रात बसते. वर सगळं बरोबर लिहिलंय, पण ज्यावर खरी लढाई होते त्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

तलाक नवऱ्याने दिला तर देणं नवऱ्यावर. खुला बायकोने मागितला तर साधारणपणे ती मेहेर सोडते किंवा घेतलेला परत करते. शेवट दोन्हीचा एकच, पैसा मात्र उलट दिशेने जातो. त्यामुळे नवऱ्यांची एक ठरलेली चाल असते. आधी तलाकचं पत्र पाठवून घाबरवायचं, मग कुणीतरी 'भला माणूस' मध्ये घालून निरोप द्यायचा की कशाला ताणता, तिलाही नकोय ना, मग खुलाच लिहून द्या, लवकर मोकळी होईल. बाई थकलेली असते, सही करते. मेहेर गेला, इद्दतीचा खर्च गेला, सोन्याचं कुणी नाव काढत नाही, आणि पुढे पोटगी मागायला गेली की समोरचा वकील पहिला तोच कागद पुढे करतो.

बहिणीला सांगा, तिला सुटका हवी आहे हे सासरी कुणालाही बोलायचं नाही. मेसेजवर तर नाहीच नाही.

मेहेराबद्दल: निकाहनाम्यात मुअज्जल लिहिलंय की मुवज्जल ते बघा. पहिला मागितल्याबरोबर द्यायचा, दुसरा लग्न मोडल्यावर किंवा नवरा गेल्यावर. मागण्याची मुदत तीन वर्षं. ५१ हजार आहे हे बरंच म्हणायचं. आमच्याकडे ७८६ रुपये मेहेर लिहिलेले कागद येतात. १९७९ मध्ये बाई ताहिरा प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासमोर पाच हजार मेहेर हातावर ठेवून सुटू पाहणारा नवरा आला होता. तेवढ्याने पोटगी टळत नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

राजापूर_कुवेत

खूप माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

इकडे आमच्या खोलीवर एकाचा असाच घोळ आहे. त्याच्या बहिणीचा खुला गावच्या काझीने लिहून दिला, शिक्क्यासकट. तिचं दुसरं लग्न ठरलं कॅनडातल्या मुलाशी. व्हिसावाले म्हणतात कोर्टाचा कागद आणा. काझीचा कागद खोटा आहे का?

काळाकोट

खोटा नाही, अपुरा आहे. काझी किंवा दारुल कजा (शरियतप्रमाणे निवाडा देणारी जमातीची संस्था) हे काही न्यायालय नव्हे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांचे फतवे आणि निवाडे कुणी स्वखुशीने पाळले तर पाळावेत, कायद्याने बंधनकारक नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तर शरियत कौन्सिलने दिलेलं खुलाचं प्रमाणपत्रच रद्द केलं आणि बाईला कुटुंब न्यायालयात जायला सांगितलं.

उपाय सोपा आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४, कलम ७. त्याखाली वैवाहिक दर्जा काय आहे हे जाहीर करून मागता येतं: अमुक तारखेला खुला झाला, मी विवाहित नाही, तसं घोषित करा. निकाहनामा, खुलाचा कागद, साक्षीदार. नवरा हजर राहून कबूल झाला तर फार लांबत नाही.

खुलाला नवऱ्याची संमती लागते का, हा मोठा वाद आहे. परंपरेने हनफी मत 'लागते' असं. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की हा बाईचा स्वतःचा हक्क आहे, पुढच्या वर्षी फेरविचाराचा अर्जही फेटाळला. तेलंगण उच्च न्यायालय २०२५ मध्ये त्याच वाटेने गेलं. हे निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाहीत, पण वाचून दाखवता येतात आणि आम्ही दाखवतो.

निवृत्त_मास्तर

खुलाच्या मुळाशी जी हदीस आहे तीत साबित इब्न कैस यांची बायको येऊन सांगते, त्यांच्या धर्मात की वागणुकीत मी खोट काढत नाही, पण मला यांच्यासोबत राहायचं नाही. पैगंबर विचारतात, मेहेरात मिळालेली बाग परत देशील? ती हो म्हणते. साबितना सांगितलं जातं, बाग घे आणि तलाक दे. बाईला कारणं सिद्ध करायला कुणी लावलं नाही. आणि जिथे चूक नवऱ्याची, तिथे त्याने खुलाच्या बदल्यात काही घेणं हनफी ग्रंथांतही नापसंत आहे. काझीसाहेब हे दुसरं वाक्य सांगायचं विसरतात.

स्पष्टवक्ता

म्हणजे एकाच देशात मद्रासचा कायदा वेगळा, केरळचा वेगळा, शाफईंचा वेगळा, हनफींचा वेगळा. म्हणूनच समान नागरी कायदा पाहिजे. पण मतपेढीवाल्यांना

व्यवस्थापन

स्पष्टवक्ता, प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. समान नागरी कायद्यावर आधीचे धागे जिवंत आहेत. इथे एका घरासमोर खरा प्रश्न आहे, कृपया त्यावर लिहा.

मांडवीतीर

अवांतर आहे पण अगदीच नाही. गोव्यात १९३७चा शरियत कायदा लागू केलेलाच नाही. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहिता आणि विवाहाचे, घटस्फोटाचे जुने कायदे आजही चालतात. मुसलमान असो, हिंदू असो, लग्न सरकारी दप्तरात नोंदवायचं आणि मोडायचं ते न्यायालयातून. तोंडी तलाकला इथे कायद्यात जागा नाही. सावंतवाडी किंवा कारवारची मुलगी मडगावात दिली की दोन्हीकडच्यांना हे माहीत नसतं, आणि मग दोन्हीकडचे वकील खूश.

जुनी_कात्रणं

बाईला न्यायालयातून निकाह मोडून घेता येतो, फस्ख म्हणतात, त्याचा उल्लेख अजून कसा आला नाही? १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा. याची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हनफी मतात बाईला स्वतःहून सुटायला जवळजवळ वाट नव्हती. नवरा परागंदा झाला तर तो नैसर्गिक वयाने मेला असेल असं धरेपर्यंत थांबायचं, म्हणजे नव्वदीपर्यंत. पंजाबात बायकांनी यावर स्वतःच तोड काढली. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, मग त्या चर्चमध्ये जाऊन नाव बदलून यायच्या. उलेमा हादरले. देवबंदचे मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मजहबाचे उतारे जमवून दाखवलं की हनफी काझीने या बाबतीत मालिकी मत घ्यायला हरकत नाही. मालिकींमध्ये बेपत्ता नवऱ्यासाठी मुदत चार वर्षं. कायद्यातली पहिलीच अट वाचा: चार वर्षं ठावठिकाणा नाही. तिथून आलीय. केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य काझमी यांनी विधेयक आणलं, १९३९ मध्ये पास झालं, आणि त्यातच एक कलम घातलं की यापुढे धर्म सोडला म्हणून बाईचा निकाह आपोआप तुटणार नाही. एक दार उघडलं, दुसरं लावून घेतलं.

बाकीची कारणं: दोन वर्षं पोटगी दिली नाही, सात वर्षं किंवा जास्त कैद, तीन वर्षं वैवाहिक कर्तव्य टाळलं, नपुंसकत्व, वेड, पंधराच्या आत लावून दिलेलं लग्न अठराच्या आत नाकारणं, क्रूरता. दोन बायका असतील आणि समान वागवत नसेल तर तेही क्रूरतेतच धरलंय. कुष्ठरोगाचं कारण २०१९ मध्ये काढून टाकलं, फार उशिरा.

आणि महाराष्ट्राचा धागा आहे म्हणून: १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सातच. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस, बाई, तुमच्या खेडपासून हाकेच्या अंतरावर.

समुद्रकाठ

चाळीतली ताई, तुम्ही भविष्य सांगता का हो?

काल संध्याकाळी जमातीतले एकजण घरी आले. चांगले गृहस्थ आहेत, मला त्यांच्या हेतूवर शंका नाही. म्हणाले, मुलाकडच्यांशी बोलणं झालंय, त्यांना वाढवायचं नाही, मुलीकडून खुलाचा कागद लिहून घेऊ, मुलं तिच्याकडेच राहू देतील, तिने मेहेर आणि मुलांचा खर्च दोन्ही माफ करावं. लिहून आणलेला कागदच होता. बहीण सही करणार होती, मीच थांबवलं. मामू माझ्यावर चिडलेत.

चाळीतली

थांबवलंस ते उत्तम केलंस.

मुलांचा खर्च आईने माफ करायचा नसतोच, तो तिचा नाहीच मुळी. तो मुलांचा हक्क आहे. १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की तलाकशी त्याचा संबंध नाही, मुलं सज्ञान होईपर्यंत, मुलीच्या बाबतीत लग्नापर्यंत, बापाने पोसायचं. आणि 'मुलं राहू देतील' ही मेहेरबानी कसली? हिजानतचा, म्हणजे मूल सांभाळण्याचा हक्क लहान वयात आईचाच. हनफींमध्ये मुलगा सातचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. शाफईंमध्ये मूल समजतं झालं की त्यालाच विचारतात. न्यायालय तर शेवटी मुलाचं हित बघतं, १८९०चा पालकत्वाचा कायदा आहे त्यासाठी.

त्या गृहस्थांना चहा पाजा आणि सांगा, तुम्ही पंच व्हायला तयार असाल तर आनंद आहे, पण आमच्या बाजूचाही एक पंच बसेल आणि बोलणी मेहेर, सोनं आणि मुलांपासून सुरू होतील.

काळाकोट

आता सलग सांगतो, काय काय करता येईल ते. सगळं खेडलाच होतं, मुंब्र्याला हेलपाटे नकोत, कारण हे अर्ज बाई राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतात.

लग्न अजून सिद्धपणे मोडलेलं नाही, म्हणून आत्ता ती पत्नी म्हणून पोटगी मागू शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४. घरगुती हिंसाचाराचा २००५चा कायदा सगळ्या धर्मांना आहे, त्यात राहण्याचा हक्क, सोनं परत मिळवणं आणि तात्पुरता खर्च, सगळं एका अर्जात मागता येतं. सोन्याची यादी आजच करा. लग्नातले फोटो, व्हिडिओ, सोनाराच्या पावत्या, जे असेल ते.

तलाक पूर्ण झालाच, तर १९८६चा कायदा. शाहबानोला तलाकनंतरही पोटगी देणाऱ्या निकालानंतर राजीव गांधी सरकारने केलेला, ज्यामुळे पोटगी इद्दतीपुरतीच राहिली असं सगळ्यांना वाटलं. तसं झालं नाही. कलम ३ मध्ये 'वाजवी आणि रास्त तरतूद' असे शब्द आहेत. आपल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात त्याचा अर्थ असा लावला की रक्कम इद्दतीच्या आत द्यायची, पण ती बाईच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी. म्हणजे एकरकमी. त्याच कलमात मेहेर आणि लग्नात मिळालेल्या सगळ्या वस्तूही येतात. अर्ज एका महिन्यात निकाली काढावा असं लिहिलंय. लिहिलंय, एवढंच म्हणतो.

१० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने अब्दुल समद प्रकरणात उरलेली शंकाही मिटवली. तलाक झालेली मुसलमान बाई १२५ खालीही पोटगी मागू शकते, १९८६चा कायदा आड येत नाही.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाई असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि तिला शेवटी सुटकाच हवी असेल तर मुबारात हाही मार्ग आहे, दोघांच्या संमतीने. त्यात काय सोडायचं आणि काय घ्यायचं ते बोलणीत ठरतं, सोडलंच पाहिजे असं नाही. खुलाच्या कागदाऐवजी तो मसुदा त्यांच्यासमोर ठेवा: मेहेर इतका, तरतूद इतकी, सोनं यादीप्रमाणे, मुलांचा खर्च दरमहा इतका. मग कुटुंब न्यायालय किंवा जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयातून घोषित करून घ्या.

समुद्रकाठ

मुबारातबद्दल बहिणीने दोनदा वाचलं. उद्या तालुक्याला जातोय. मामूंनी यायचं कबूल केलंय, चाचांच्या त्या इद्दतीच्या आयतीमुळे. ती त्यांनी कुराणात स्वतः काढून पाहिली.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. माझा निकाह ठरलाय, पुढच्या थंडीत. धागा वाचून झोप उडाली. आधीच काही करून ठेवता येतं का? की असं विचारणं अपशकुनी?

निवृत्त_मास्तर

अपशकुनी काही नाही बेटा, निकाह हा करारच आहे आणि करारात अटी असतात. तलाक-ए-तफवीज म्हणतात. नवरा तलाकचा आपला अधिकार बायकोला सोपवतो, सरसकट किंवा ठरावीक प्रसंगी: दुसरं लग्न केलं तर, इतके महिने खर्च दिला नाही तर, मारहाण केली तर. तसं घडलं की तिने स्वतः तलाक घ्यायचा. हा खुला नव्हे, त्यामुळे मेहेर सोडावा लागत नाही.

काळाकोट

भारतीय न्यायालयं हे मान्य करतात. निकाहनाम्याच्या छापील नमुन्यात जागा नसेल तर वेगळ्या करारात लिहा, निकाहआधी किंवा नंतर, दोन्ही चालतं. भाषा नेमकी हवी. 'वाईट वागला तर' असं लिहू नका, 'सलग सहा महिने घरखर्च दिला नाही तर' असं लिहा. दोन्हीकडचे साक्षीदार घ्या, मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर हे सगळं विसरा, तिथे घटस्फोट फक्त न्यायालयातून, दोघांनाही सारखाच.

वाचनमात्र

आणि हे नवऱ्या मुलाला सांगायचं कुणी?

चाळीतली

तूच. साखरपुड्याच्या आधी, मेहेर ठरवायला बसतील त्याच बैठकीत. तोंड वाकडं केलं तर तेही आधीच कळलेलं बरं.